गाडी घसरली की पाय वर!

मोटारवाल्यांच्या घरात किस्से कुठून शोधून आणावे लागत नाहीत. मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखल बसत जातो ना, तसे ते आपोआप बसत जातात. रोज एक थर! खरवडून काढायला कुणाला सवड नसते, आणि एखादं ढेकूळ सुटून पडलं की सगळे म्हणतात, "अरे, हे कधीचं?"

मी वैशाखात लग्न होऊन साताऱ्याला आले. आमच्या घराची पुढची ओसरी म्हणजेच मोटार सर्व्हिसचं ऑफिस. गाड्या तीन. एक सांगलीला जाते, एक फलटणला, एक औंधला. लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून कुपनावर मिळत होतं. सासूबाईंनी शेजारणींना सांगून ठेवलं होतं, "मुलगी गुणी आहे हो, पण आवाज काही अजून ऐकला नाही." आता न बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो. त्याच्यासमोर सगळे बोलतात!

तर ऐका.

*

आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर म्हणजे ज्ञानूकाका. वय पंचावन्नच्या पुढे, मिशा पांढऱ्या, डोक्याला फेटा. मामंजींनी पहिली मोटार घेतली त्याआधी ते साताऱ्यात टांगा हाकत. टांगा विकून त्यांनी स्टिअरिंग धरलं त्याला वीस वर्षं झाली, पण हातातला लगाम काही सुटला नाही. गाडी जरा हाताबाहेर चालली असं वाटलं, की काका स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढणार, मागे रेलणार, पाय रोवणार आणि म्हणणार, "हो, हो, हो!"

रोवलेला पाय अर्थातच ब्रेकवर! कोरड्या रस्त्यावर एवढंच होई, की मागचे पॅसेंजर पुढच्यांच्या मांडीवर येत. पण आषाढाच्या तोंडाला इस्लामपूरच्या अलीकडे काळ्या मातीचा चिखल सडकेवर आलेला होता. गाडीचं मागचं अंग सरकलं, काकांनी लगाम खेचला, "हो, हो" म्हणाले, आणि गाडी गर्रकन उलटी फिरून साताऱ्याकडे तोंड करून चरीत जाऊन बसली!

नशीब, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एक पाटील तर झोपलेलेच होते. धक्क्यानं जागे झाले, खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, "का रं ज्ञानू, सांगली करून परत बी निघालो व्हय?"

पण हसण्यावर भागलं नाही. लायसनच्या साहेबांनी काकांच्या लायसनवर लाल शेरा मारला. तोवर गाडी चालवायची मुभा, पण श्रावणात साहेब स्वतः शेजारी बसून परीक्षा घेणार. पास झाले तर लायसन कायम, नाही तर जन्माचं रद्द.

त्या दिवशी काका ओसरीच्या पायरीवर बसले होते. मामंजी त्यांची समजूत घालत होते, "अरे, नाही तर नाही. ऑफिसात बस. तिकिटं फाड."

काका म्हणाले, "मालक, पंचक्रोशीत मला ज्ञानू ड्रायव्हर म्हनत्यात. त्यातलं ड्रायव्हर काढून घेतलं, तर मागं उरलं काय? नुसता ज्ञानू! त्याला कोन वळखतं?"

मामंजींनी हातातलं तिकिटांचं पुस्तक मिटलं. दाराआड तांदूळ निवडता निवडता मी हे सगळं ऐकलं.

*

मग मामंजींनी आमच्या ह्यांना कामाला लावलं. हे लढाईत फौजेच्या मोटारखात्यात होते. नव्या जवानांना गाडी शिकवायचं काम. सकाळी दाढी करतानासुद्धा गालाला सूचना देतात, असा माझा आपला संशय आहे.

ओसरीवर शाळा सुरू झाली. विद्यार्थी दोन. ज्ञानूकाका आणि औंधच्या गाडीवरचे इमामभाई. इमामभाई तिशीचे, नाकासमोर दुसरी गाडी दिसली की त्यांच्या पायाला खाज सुटते! ह्यांनी फरशीवर खडूनं रस्ता काढला. काड्यापेट्या म्हणजे मोटारी, सुपाऱ्या म्हणजे बैलगाड्या.

"पुढच्या गाडीला मागे टाकायचंय. आधी आरसा. मग हॉर्न. मग हात. मग गाडी उजवीकडं. पुढच्याच्या शेपटाला चिकटून राहायचं नाही. लांब राहा, म्हणजे समोरचं दिसतं. आणि वळणावर पुढं जायचं नाही, चढाच्या माथ्यावर नाही, पुलावर नाही!"

इमामभाई म्हणाले, "मग जायाचं कवा, धाकलं मालक? पेन्शनीत?"

ह्यांनी त्यांच्याकडे फौजी नजरेनं पाहिलं आणि काकांकडे वळले. "ज्ञानूकाका, ही तुमची काड्यापेटी. पुढं बैलगाडी आहे. समोरून मोटार येतेय. काय कराल?"

काकांनी काड्यापेटी सरळ पुढे सारली.

"काका! पुढं बैलगाडी आहे ना?"

"कुठं हाय? रस्ता मोकळा तर हाय की!"

सगळे वाकून पाहू लागले. सुपारी नव्हती. काका तोंड हलवत होते! विचारात पडले की त्यांना सुपारी लागते.

*

पण मागे टाकण्याचे नियम काका पाळू लागले, हे मान्य करायला हवं. इतके पाळू लागले, की एक दिवस सांगलीची गाडी दीड तास उशिरा आली. मामंजी तोफेसारखे ओसरीवर उभे!

"काय झालं? पंक्चर?"

"न्हाई मालक. कराडच्या म्होरं एक बैलगाडी आडवी आली."

"मग? ओलांडायची होती! रस्ता वळणाचा होता?"

"सरळ हुता."

"समोरून काही येत होतं?"

"काय सुदिक न्हाई."

"हॉर्न दिलास?"

काका खाली बघत म्हणाले, "कसा द्यायचा, मालक? बैलगाडीत आमचं व्याही बसलं हुतं!"

मला पदर तोंडाला लावावा लागला. काकांनी धाकटी लेक त्या घरी दिलेली. आपण मुलीकडचे! पों-पों करत, व्याह्यांच्या धोतरावर चिखल उडवत पुढे जायचं? दोन मैल काका बैलाच्या चालीनं मागे-मागे गेले. पॅसेंजर ओरडत होते, "काढ की रं गाडी!" शेवटी काकांनी मोटार थांबवली, खाली उतरले, बैलगाडीपाशी जाऊन हात जोडले आणि पुढे जायची परवानगी मागितली.

"मग दिली ना त्यांनी?"

"दिली की! पर आदी घरी नेऊन च्या पाजला."

"आणि पॅसेंजर?"

"त्येनला बी पाजला. बावीस कप! लय मोठं मन हाय व्याह्याचं."

ह्यांनी त्या रात्री वहीत नियमांची यादी पुन्हा काढली. आरसा, हॉर्न, हात. पुढे पेन्सिल धरून बराच वेळ बसले. फौजेच्या पुस्तकात व्याह्यांबद्दल काही दिलेलं नसावं.

*

इमामभाईंचा किस्सा एक लहानसाच आहे. औंधच्या वाटेवर मेंढरांचा कळप. सडक भरून पांढरी-काळी पाठ! इमामभाईंनी हॉर्नवर जो हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटी माणदेशातला एक म्हातारा मेंढका घोंगडं सावरत खिडकीपाशी आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आरं लेकरा, भोंग्यानं मेंढरं सरकत आसती, तर आमी काठी कशाला धरली आसती? बाजाच नसता का घेतला?"

तेव्हापासून इमामभाई मेंढरं दिसली की इंजिन बंद करून विडी पेटवतात. ह्यांनी हेही वहीत लिहून घेतलंय.

*

आता ह्यांचा स्वतःचा एक. हा घरात कुणाला ठाऊक नाही.

लग्नानंतर औंधच्या यमाईचं दर्शन राहिलं होतं. आषाढातल्या एका मंगळवारी गाडी औंधला रिकामीच न्यायची होती, तेव्हा इमामभाईंना रजा देऊन हे स्वतः बसले. मी पहिल्या बाकावर. रहिमतपूर गेलं. पुढे दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हिसची खटारा मोटार रडत-रडत चाललेली. हे अजिबात घाई करेनात. आरसा पाहिला. हॉर्न दिला. मग मला शिकवू लागले. लग्नानंतर एवढं सलग ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते!

"पुढचा ड्रायव्हर हात बाहेर काढून मागून पुढे हलवतो, तेव्हा तो सांगत असतो, समोर रस्ता मोकळा आहे, खुशाल या. हा विश्वासाचा मामला आहे. बघ, बघ, तो हात हलवतोय! याला म्हणतात शिस्त!"

हे निघाले उजवीकडून. निम्मे पुढे गेलो असू, तर समोरून कडब्यानं भरलेल्या दोन बैलगाड्या! ह्यांनी डोकं शाबूत ठेवलं. वेग सोडला, पुन्हा खटाऱ्याच्या मागे आले. कडबा खिडकी घासून गेला. माझ्या मांडीवर यमाईच्या ओटीचं सामान होतं, त्यावर चार धाटं पडली.

पुढची गाडीही थांबली. हे तावातावानं उतरले. "काय हो! हात कशाला दाखवला?"

तो भला माणूस गोंधळून आपल्या बोटाकडे पाहत म्हणाला, "हात कुठं? चुना जास्ती झालता, त्यो झटकत हुतो!"

परत गाडीत बसल्यावर ह्यांनी आरसा उगाच दोनदा नीट केला. मग म्हणाले, "घरी सांगू नकोस."

मी म्हटलं, "मी कुठं बोलते?"

*

मागे टाकणं काकांना जमलं. घसरणं मात्र जमेना. हे खडूनं फरशी झिजवत राहिले. "गाडी घसरली की ब्रेक नाही! ब्रेक मारला की चाक अडकतं, आणि अडकलेलं चाक नुसतं सरकत जातं. पाय उचला. मागचं अंग ज्या बाजूला चाललंय, त्याच बाजूला हलक्या हातानं स्टिअरिंग द्या. गाडी आपोआप सरळ येते. आली, की स्टिअरिंग सरळ."

काका मान डोलवत. आणि काड्यापेटी घसरली, की दोन्ही हात छातीशी!

परीक्षेला आठवडा राहिला होता. काका मागच्या पडवीत चहाला आले. सासूबाई देवळात गेल्या होत्या. काका कप हातात घेऊन म्हणाले, "वैनीसाब, धाकलं मालक सांगत्यात ते डोक्यात शिरतंय. पायात उतरत न्हाई. घसरतंय तिकडंच वळवा म्हनं! चरीकडं घसरलं तर काय चरीत घालू?"

मी सांगलीची. कृष्णेच्या घाटावर पाणी भरत वाढले. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. कसं कोण जाणे, मी बोलले.

"काका, कडेवर भरली घागर आहे, पायरीवर पाय सटकला, तर बायका काय करतात?"

"काय करत्यात?"

"जिनं टाच रोवली ती पाठीवर पडली! घागर ज्या अंगाला चालली, त्याच अंगाला आपण झुकतो. एक पाऊल घागरीबरोबर. मग ती सावरते, आपणही सावरतो."

काकांनी कप खाली ठेवला. "आस्सं व्हय! मंग हे वसरीवर सांगाय काय झालतं?"

मग तालीम सुरू. काका पाटावर बसले. हातात पितळी परात, स्टिअरिंग म्हणून. मी चुलीपुढे पोळ्या लाटत मध्येच हळूच म्हणायची, "घसरली." की काकांनी ब्रेकवरचा पाय उचलायचा आणि परात वळवायची. पहिल्यांदा एक पाय उचलायला जमेना, म्हणून आम्ही ठरवलं, सवय होईपर्यंत दोन्ही उचलायचे!

"घसरली." पाय वर. "घसरली." पाय वर. पंधराव्या वेळी सासूबाई मागच्या दारातून आत आल्या. काका पाटावर, परात डावीकडे कललेली, दोन्ही पाय अधांतरी!

"अगं बाई! ज्ञानू, काय झालं रे तुला?"

काकांनी परातीवरची नजर ढळू दिली नाही. म्हणाले, "काय न्हाई आईसाब. गाडी घसरलीया."

*

आणि आता परीक्षेचं.

साहेबांना सांगलीत काम होतं. म्हणाले, "नेहमीच्या फेरीतच बघतो. पॅसेंजर असताना माणूस कसा चालवतो, ते खरं." पंचमी दोन दिवसांवर आलेली, मी माहेरी निघालेले, तेव्हा मीही त्याच गाडीत. साहेब काकांच्या शेजारी, गुडघ्यावर कागद. त्यांच्या मागच्या बाकावर मामंजी आणि हे. त्यामागे आम्ही बायका. बाहेर पाऊस थांबून-थांबून पडत होता.

काका असे चालवत होते, की काय सांगू! पुलाच्या तोंडाशी बैलगाडी होती, तिच्या मागे निवांत थांबले. पूल ओलांडला, आरसा, हॉर्न, हात, आणि अलगद पुढे! साहेबांनी कागदावर खूण केली. ह्यांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. कराड गेलं. काका ज्या जागी चरीत बसले होते, ती जागासुद्धा गेली! इस्लामपूर गेलं, आष्टा गेलं. मी मनात म्हटलं, आता सांगली तर आली, ज्ञानूकाकांचं ड्रायव्हर काही कुणी काढून घेत नाही.

सांगलीच्या अलीकडे पेठेत माल नेणारी एक लॉरी आस मोडून कलंडली होती. लॉरी बाजूला ओढलेली होती, पण तिच्यातला गूळ सडकेवर सांडला होता! ढेपांवरून गाड्या गेलेल्या, वरून पाऊस पडलेला. लांबून वाटलं, नुसता तांबडा चिखल. काकांनी वेग कमी केला होता, हे मी शपथेवर सांगते. तरीही चाकं त्यावर आली मात्र, गाडीचं मागचं अंग डावीकडं सुटलं!

डावीकडे खोल चर. चरीत पाणी.

साहेब ओरडले, "ब्रेक!"

मामंजी ओरडले, "ज्ञानू, ब्रेक!"

हे, फौजेत माणसं घडवून आलेले, खडूनं फरशी झिजवलेले हे, सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "ब्रेक मारो!"

आणि त्याच वेळी चौथा आवाज उठला, बाईचा, किंचाळल्यासारखा, "काका, ब्रे-ए-क!" हा कोणाचा म्हणून मी वळून बघणार होते, तेवढ्यात लक्षात आलं, की तोंड माझंच उघडं आहे!

काकांचा पाय वर. हात छातीशी गेले नाहीत. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे दिलं, चरीकडे! मी डोळे मिटले. गाडीचं मागचं अंग एकदा डावीकडे झुललं, एकदा उजवीकडे, मग जणू काही झालंच नाही अशी ती सरळ झाली आणि कोरड्या सडकेवर जाऊन हळूच उभी राहिली.

मामंजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तीन महिन्यांत सुनेचा आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि ऐकला तो असला! हे बाहेरच्या उसात काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होते.

साहेब खाली उतरले. टोपी काढून कपाळ पुसलं. मागे जाऊन गुळात उमटलेला चाकांचा तो वेडावाकडा माग पाहून आले. मग काकांना खाली बोलावलं. काका फेटा सारखा करत उतरले. आम्ही सगळे खिडक्यांतून माना बाहेर काढून!

साहेब दरडावून म्हणाले, "मी ब्रेक म्हणून ओरडलो. तुझे मालक ओरडले. धाकटे मालक ओरडले. मागून त्या बाईसुद्धा ओरडल्या. तू एकाचंही ऐकलं नाहीस?"

"ऐकलं की साहेब," काका हात जोडून म्हणाले. "लय चांगलं ऐकू आलं. चार शानी मानसं एका दमात वरडली, तवाच वळखलं का गाडी खरंच घसरलीया. म्हनून तर पाय काढला!"

साहेबांनी कागद बॉनेटवर पसरला, इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि तो काकांच्या हातात दिला. काकांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि धावत खिडकीपाशी आले.

"धाकलं मालक, वाचा की वो! ड्रायव्हर ऱ्हायलो का नुसता ज्ञानू?"

ह्यांनी कागद घेतला. मनातल्या मनात वाचला. पुन्हा वाचला. मग घसा खाकरून, मामंजींना आणि मागे बसलेल्या मलाही ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी मराठीत सांगितलं,

"हा ड्रायव्हर कोणाचंही ऐकत नाही. लायसन कायम करावं."